नवाबाचा कॅमेरा आणि नरसय्याचं शेत

मंडळी, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नाहीतर मला मधे मधे थांबावं लागेल आणि चहा निवून जाईल. माझ्या हातून गाढवपणा आयुष्यात पुष्कळ झाला, पण फोटो काढता काढता एका गरीब माणसाचं अर्धं शेत मी त्याच्या भावाला देऊन टाकलं, त्याला तोड नाही. आणि मी पेशानं कोण? भूमितीचा मास्तर!

गोष्ट पोलिस ॲक्शन होऊन गेल्यानंतरची. निजामाचं राज्य हिंदुस्थानात आलं, जहागिरी गेल्या, आणि हैदराबादेतल्या बड्या हवेल्यांमधलं सामान बाजारात विकायला निघालं. झुंबरं, गालिचे, चांदीची पानदानं. माझी नजर गेली ती एका कॅमेऱ्यावर. जर्मन भिंग, चामड्याचा भाता, पितळी स्क्रू, सागवानी तिवई आणि डोक्यावर घ्यायला काळं मखमली कापड. कुठल्याशा नवाबसाहेबांचा होता म्हणे. आमच्या घरात शिवणयंत्र यायचं होतं, त्याच्याऐवजी हा आला. माझी बायको कुसुम त्या दिवशी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला फार बोलावं लागतं.

मी बोललो. निसर्गदृश्य टिपायचं म्हणजे भिंग भारी हवं, बाकी सगळं आपोआप होतं, असं मी तिला रोज जेवताना समजावून सांगत असे. तिच्याकडे भावानं भाऊबीजेला दिलेला डबा कॅमेरा होता. एक भोक, एक खटका, संपलं. तो आता लाडू ठेवायला घे, असंही मी म्हणालो. त्यावर तिनं एवढंच विचारलं, "अहो, पण कशाचा फोटो काढायचा ते त्या भिंगाला कोण सांगणार?"

बायकांचं काय ऐकायचं! त्याच सुमारास बरकतपुऱ्यात आम्ही मराठी मंडळींनी वाचनालयासाठी नवा हॉल बांधला होता. समोरच्या भिंतीवर आपल्या हैदराबादचं एक मोठं निसर्गदृश्य लावायचं ठरलं. कुणी सुचवलं, चित्रकाराला सांगू. मी भर सभेत उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "भिंतीला खिळा ठोकून ठेवा. फोटो माझा."

तर त्यांनी खरंच ठोकला हो! रोज संध्याकाळी पेपर वाचायला गेलो की तो रिकामा खिळा समोर. येणारा जाणारा विचारायचा, काय मास्तर, कुठवर आलं? मी हुसेनसागर काढला, पाणी पांढरंफेक आलं. गोवळकोंडा काढला, किल्ला आलाच नाही, नुसतं ढगाळ काहीतरी आलं. उद्घाटन आठवड्यावर आलं आणि माझ्याकडे फोटो उमटवायची काचेची प्लेट उरली एक. ती वाया गेली की बरकतपुऱ्यात तोंड दाखवायची सोय नव्हती.

म्हणून एका रविवारी कुसुमला घेऊन मी कुकटपल्लीच्या पुढे गेलो. तेव्हा तिकडे सगळी खेडीच. एक तलाव होता, पलीकडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड खडक, अलीकडे शेतं. संध्याकाळचं ऊन त्या खडकांवर पडलं की ते तांबूस होतात आणि पाण्यात उतरतात. डोक्यावर सोला हॅट, खाकी अर्धी चड्डी अशा थाटात मी एका उंचवट्यावर तिवई रोवली. कुसुम चिंचेखाली बायकांशी तेलुगूत गप्पा मारत बसली. ती अंबरपेठेत वाढलेली, तिला तेलुगू घरच्यासारखं येतं. मी परभणीचा, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही.

आता मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगतो. जहागीर गेल्यामुळे त्या गावात जमिनींची नव्यानं मोजणी व्हायची होती. सरकारी मोजणीदार आज येतो, उद्या येतो, अशी सगळ्यांना आस लागलेली. मोजणीदार कसा ओळखायचा? डोक्यावर हॅट, अंगात खाकी, पुढ्यात तिवई.

बाज आली, ताक आलं. मल्लय्या नावाचा एक मिशाळ शेतकरी आणि त्याचा धाकटा भाऊ नरसय्या हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, भारी कॅमेऱ्याला काय मान आहे बघा! मी ताक प्यायलो आणि काळ्या कापडात शिरलो.

दृश्य अप्रतिम होतं. फक्त एक चुना फासलेला दगड शेताच्या मधोमध, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर अगदी डाव्या बाजूला, डोळ्यात खुपत होता. मी कापडातूनच दखनी हिंदीत ओरडलो, "वो पत्थर हटाओ. बाएँ बाजू कू."

मल्लय्यानं विचारलं, "कां तक साब?"

"मैं बस बोले तक."

दोघांनी दगड उपटला आणि निघाले. पण काचेवर बघतो तर दगड उजवीकडे सरकतोय! मी पुन्हा ओरडलो, बाएँ! ते आणखी निघाले, दगड आणखी उजवीकडे. आता आला ऐन मधे, तलावाच्या पुढ्यात. या लोकांना डावं उजवं कळत नाही म्हणून मी चिडलो आणि कापडाबाहेर हात काढून डावीकडे जोरजोरात हलवला. शेवटी दगड सगळं चित्र ओलांडून काचेच्या उजव्या कडेनं बाहेर पडला. कुठूनही गेला, गेला ना? मी म्हणालो, "बस."

त्या जातीच्या कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. वरचं खाली दिसतं ते मी पाहिलं होतं. पण डावं उजवंही उलटतं, हे भूमितीच्या मास्तरांच्या डोक्यात काही आलं नाही. म्हणजे दगड हटवायला जिथं दोन पावलं पुरली असती, तिथं मी त्याला अर्धं शेत पार करायला लावलं होतं.

तेवढ्यात नरसय्या थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. "साब, मेरा खेत किदर गया?"

बिचाऱ्याला आपलं शेत फोटोत यावंसं वाटतंय, असं मी समजलो. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "फिक्र नक्को करो. सब कागद पे बराबर आता." तो मटकन खाली बसला. तिकडे मल्लय्यानं घरी माणूस पिटाळला आणि माझ्या पायाशी जिवंत कोंबडा आणून ठेवला. आम्ही घरात अंडंही आणत नाही. मी कोंबड्याकडे बघतोय, ऊन खडकांवर चढतंय, तांबूस रंग येऊ लागलाय, आणि कुसुम चिंचेखालून पदर खोचून धावत येतेय.

"अहो, काय केलंत हे? तो दोघा भावांच्या हद्दीचा दगड होता. तुम्ही त्या नरसय्याचं अर्धं शेत काढून घेतलंत."

माझ्या हातातला खटका तसाच राहिला. समोर बघितलं तर असलं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. नुसतं बोट दाबायचं होतं. पण नरसय्या मातीत बसून माझ्याकडे बघत होता, आणि खरं सांगतो, मला स्वतःची इतकी लाज वाटली की बोट दाबलंच गेलं नाही. मी हॅट काढली आणि ओरडून सांगितलं की बाबांनो, मी मोजणीदार नव्हे, मास्तर आहे. कुणाला पटेना. कोंबडा कमी पडला म्हणून साहेब फिरले, असं मल्लय्याला वाटलं. तो दुसरा आणायला निघाला.

शेवटी कुसुमनं तेलुगूत सगळ्या गावाला समजावलं. काय सांगितलं कोण जाणे, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग ठरलं की ज्यानं दगड हलवला त्यानंच तो जागेवर नेऊन ठेवावा. दोन्ही बाजूंना दोघे भाऊ, मधे मी, असे आम्ही तो धोंडा उचलून चिखलातून निघालो. कुठं होता यावरून दोघांचं वाटेत तीनदा वाजलं. दगड बसला तेव्हा ऊन गेलं होतं, आणि माझी प्लेट कोरी ती कोरीच घरी आली.

पण उद्घाटनाच्या दिवशी खिळा रिकामा नव्हता. आम्ही दगड नेत होतो तेव्हा कुसुमनं पिशवीतून आणलेल्या तिच्या डबा कॅमेऱ्याचा खटका दाबला होता. उन्हानं उजळलेले खडक, पाण्यात उतरलेलं आभाळ, आणि पुढ्यात दगडाखाली वाकलेली तीन इवलीशी माणसं. काय फोटो होता म्हणून सांगू! ती माणसं नसती तर ते खडक एवढे मोठे वाटलेच नसते. वाचनालयाच्या चिटणीसांनी तो मोठा करून चौकटीत बसवला.

उद्घाटनाला आलेले पाहुणे सरकारात बड्या हुद्द्यावर होते. फोटोपुढे ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग कुसुमला म्हणाले, "बाई, सुरेख आहे. पण तो मधला हमाल फारच वाकलाय हो. त्याला काही दिलंत की नाही?"

मी शेजारीच उभा होतो. कुसुमनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"देते ना," ती म्हणाली, "रोज दोन वेळा जेवायला घालते."