ग्रुपचा उपास

दर गुरुवारी सकाळी सात वाजता आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी आपला मोबाईल धुतलेल्या रुमालात गुंडाळत, ज्वारीच्या डब्यात ठेवत आणि झाकण लावून वर दोन टिचक्या मारत. त्याआधी ते कॉलनीच्या ग्रुपला कुलूप लावत, म्हणजे अॅडमिनशिवाय कुणालाच काही लिहिता येत नसे. शेवटचा मेसेज ठरलेला : ‘आज ग्रुपले उपास आहे. काम असल्यास फाटकावर यावे.’

फाटकाच्या आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या असत. एकीवर ते, दुसरी येणाऱ्याची.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे आमची सतरा घरं. काकांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीभर लोकांचे फोन जोडून दिले होते. काकू वारल्यापासून ते एकटेच. मुलगा परदेशात.

“काका, उपास माणसाले असते. फोनले काहून?” मी एकदा विचारलं.

“पोटाले एक दिवस सुट्टी देतो नं गा आपण? मंग डोळ्याले अन् कानाले काहून नाही? त्यायनं काय पाप केलं?”

“मंग साबुदाण्यासारखं काही चालते का? एखादा छोटा व्हिडिओ?”

“तुह्यासारखे लोक उपासाच्या दिवशीच जास्त खातेत.”

अंदाज बरोबर होता. एका गुरुवारी मीही फोन कपाटात ठेवला आणि दहा मिनिटांनी किती वाजले ते बघायला बाहेर काढला. घड्याळ माझ्या हातात होतं.

तरीही काकांनी मला दुसरा अॅडमिन केलं. “मी नसलो तं कोणीतरी पाहिजे,” ते म्हणाले. “तू रिकामाच राहतो.”

आता माझा पराक्रम. बायको उमरेडला माहेरी गेली होती. गुरुवारी तिचा मेसेज आला, ‘आजही ग्रुपला उपास? कशाला पण?’ मी लिहिलं, ‘म्हाताऱ्याचा उपास. पोराचा फोन येत नाही, म्हणून फोनच डब्यात घालून बसतो. वाजला नाही तर बंद होता असं म्हणता येतं.’ स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पाठवला. ग्रुपवर.

लगेच मेसेज काढून टाकला. काढण्याचे दोन पर्याय असतात. मी तो निवडला ज्यात मेसेज फक्त आपल्याच फोनमधून जातो. माझा स्क्रीन स्वच्छ झाला आणि मी निवांत आंघोळीला गेलो.

अकराच्या सुमारास समोरच्या वहिनी दारात उभ्या. “काय लिहिलं जी भाऊजी तुम्ही ते? आमाले उत्तरही देता येऊन नाही राहिलं!”

“मी तर काढला तो.”

“तुमच्या फोनमधून काढला. सगळ्या कॉलनीत तसाच आहे.”

म्हणजे तो मेसेज न वाचलेला माणूस एकच उरला होता, आणि त्याचा फोन उद्या सकाळपर्यंत ज्वारीत होता. डबा पळवण्याचा विचार मी पाच मिनिटं गांभीर्याने केला. मग फाटकावर गेलो.

काका तुरीच्या शेंगा सोलत होते. मी उन्हाबद्दल बोललो, कचरागाडीबद्दल बोललो. मग सांगून टाकलं.

“शब्दन् शब्द सांग,” ते म्हणाले. मी सांगितला. ‘म्हातारा’सुद्धा.

त्यांनी हातातली शेंग संपवली. “बरोबर लिहिलं तू. सहा दिवस वाजायची वाट पाहतो मी. न्हाणीतही घेऊन जातो. एक दिवस वाट पाहाची सुट्टी घेतो, बस.”

मला बसवेना. “काका, तुम्ही अॅडमिन आहात. माझ्या फोनमधून तर तो गेला, पण तुमच्या फोनवरून सगळ्यांकडचा निघते. डबा उघडू? दोन मिनिटांचं काम आहे.”

ते स्वयंपाकघराकडे बघत राहिले. उठतात की काय, असं मला वाटलं.

“राहू दे. उद्या काढू.”

“लोक वाचून राहिले नं पण!”

“वाचू दे. तू शेंगा सोल.”

एरवी गुरुवारी दोन-तीन माणसं यायची. त्या संध्याकाळी बहुतेक सगळी कॉलनी आली. मेसेजचं नाव कुणी काढलं नाही. वहिनींनी कोथिंबिरीची सांबारवडी आणली. एकाने पार्किंगचा असा वाद काढला, जो दोन वर्षांपूर्वीच मिटला होता. खुर्च्या कमी पडल्या, माझी तर सगळ्यांत आधी गेली.

“काहून गा एवढी गर्दी?” काकांनी मला विचारलं. “निवडणूक आहे का?”

शुक्रवारी सकाळी त्यांनी मेसेज काढला. मला मात्र अॅडमिनच ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी पहाटे काका झोपेतच गेले. दूधवाल्याने मला बोलावलं. मुलाला मी फोन केला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

मग ग्रुपवर लिहायला घेतलं. दोन शब्द लिहिले, पुसले. ग्रुपला कुलूप लावलं आणि चपला घातल्या. मेसेज एकदा टाकला असता, तर काम झालं असतं. आता प्रत्येक दारात तोंडाने सांगणं आलं. पहिल्या घरी मी ते बातम्या वाचल्यासारखं नीट सांगितलं : काका गेले. दुसऱ्या, तिसऱ्या घरीही तसंच. नवव्या दारात माझं वाक्य मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. त्या घरच्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि पाणी दिलं.