पाळण्याखालची भुकटी

आमच्या घरात काहीही हललं की आमचे हे फवाऱ्याची बाटली उचलतात. झुरळ, मुंगी, पाल, त्यांच्या लेखी सगळे सारखेच गुन्हेगार. सासूबाईंचं तसं नाही. सारं आयुष्य त्यांनी जवळच्या दांडी गावच्या कोळीवाड्यात काढलं. आता बोईसरला आमच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण आधी कोण आलंय ते ओळखायचं आणि मगच त्याचा बंदोबस्त करायचा, ही त्यांची शिस्त इथंही सुटलेली नाही. कपाटात मिरीच्या चुऱ्यासारखं काळं पडलं तर झुरळ. लेंडीच्या टोकाला पांढरं असेल तर पाल, नसेल तर उंदीर. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्या मला बघायला लावतात आणि निकाल स्वतः देतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली, तेव्हा आम्ही माळ्यावरचा पाळणा काढला. तो सासऱ्यांनी होडीच्या उरलेल्या लाकडातून स्वतः घडवलेला. आमचे हे त्यात झोपले, पुढे आमची मुलगी झोपली. सासरे आता नाहीत. पणतवंड त्याच पाळण्यात निजावं, एवढी एकच इच्छा सासूबाईंनी बोलून दाखवली होती. पाळणा टांगला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली.

"वाळवी," ह्यांनी जाहीर केलं. "सगळं घर खाईल. भंगारात देऊन टाकू."

मुलगी म्हणाली, कीड लागलेल्या पाळण्यात मी बाळाला ठेवणार नाही. तिचं काही चुकत नव्हतं. पण सासूबाई पाळण्याची कड धरून उभ्या होत्या.

त्या खाली बसल्या, चिमूटभर भुकटी बोटांवर चोळली आणि विचारलं, "माती कुटं हाय? वालवी माती घेऊन येते. ही तर पिठावानी लागते. लाकूड पोखरणारा किडा हाय तो."

मग त्यांनी माझा जुना काळा परकर मागितला आणि पाळण्याखाली अंथरला. भुकटी जुनी असेल तर पुन्हा पडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सकाळी परकरावर ताजी भुकटी होती. किडा जिवंत होता. ह्यांनी बाटली उचलली, ती सासूबाईंनी काढून घेतली.

"बालाच्या पालण्यावर औषध मारशील? बोंबील वालवायचे बांबू आमी आधी खाडीत मुरवतो. ह्यालाबी तेच."

त्यांच्या भाच्यानं पाळणा टेम्पोतून दांडीला नेला आणि दगड बांधून खाडीत बुडवला. मला वाटलं, आता लाकूड फुगून सांधे उखडणार. सासूबाईंना वेगळीच काळजी होती. खाऱ्या पाण्यातही लाकूड खाणारा किडा असतो. कमी ठेवला तर घरचा किडा जगतो, जास्त ठेवला तर समुद्रातला लागतो. म्हणून मला घेऊन त्या दर दोन-चार दिवसांनी ओहोटीच्या वेळी दांडीला जायच्या, चिखलात उभ्या राहून लाकडावरून हात फिरवायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "काडा आता." मग सावलीत वाळवणं, भोकं मेणानं बुजवणं. एक सांधा सैल झाला होता, तो भाच्यानं ठोकून घट्ट केला. पाळणा घरी आणून पुन्हा टांगल्यावर परकर रोज अंथरला जायचा आणि रोज कोराच राहायचा, तेव्हा कुठे मुलगी तयार झाली.

बारसं त्याच पाळण्यात झालं. नंतर काही दिवसांनी मी सकाळी केर काढायला गेले तर परकरावर पांढरं काहीतरी पडलेलं. मी मुलीला हाक मारली. मुलीनं बाळाला झटकन उचलून छातीशी धरलं. ह्यांच्या हातात बाटली आलीच होती.

सासूबाई भिंतीचा आधार घेत आल्या, खाली बसल्या. बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी धरलं. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"पोराची पावडर हाय," त्या म्हणाल्या. "निजव त्याला."

मुलीनं बाळाला परत पाळण्यात ठेवलं. सासूबाईंनी चाचपडत दोरी शोधली आणि झोका दिला.