चंपाच्या बादलीतला चोथा

माझे धाकटे दीर कोंडीराम यांना काही समजावण्यापेक्षा भिंतीशी बोलावं. भिंत निदान उलट बोलत नाही. हडपसरला आमची दोन्ही घरं एकाच अंगणात आहेत आणि अंगणाच्या टोकाला, पत्र्याखाली, भाऊजींची चंपा उभी असते. पांढरी घोडी. सतरा वर्षं तिनं नवरदेव मिरवले. आता तिचं वय बावीस. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी स्वतःहून तिला वरातीतून काढलं, तेव्हापासून तिच्या पाठीवर कोणाला बसू देत नाहीत. तिच्या मानेवरून हात फिरवल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.

गेल्या श्रावणात चंपा खंगायला लागली. कडबा तोंडात घ्यायची, घोळवायची आणि ओले गोळे करून खाली टाकायची. बरगड्या दिसायला लागल्या. भाऊजी म्हणायचे, "रुसलीय ती. बँड वाजल्याबिगर करमत न्हाई तिला."

शेवटी माझ्या जावेनं, चंद्रभागानं, जनावरांच्या डॉक्टर वल्लरी मॅडमना बोलावलं. मॅडमनी चंपाच्या तोंडात हात घालून पाहिलं.

"दाढा पार झिजल्यात. भूक आहे, पण चावता येत नाही. असंच चाललं तर हिवाळा काढायची नाही ही."

मग त्यांनी बीटचा चोथा सांगितला. आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे. परदेशात एका पांढऱ्या बीटपासून साखर करतात. साखर काढल्यावर जे उरतं, ते वाळवून त्याच्या गोळ्या करतात. रेसच्या घोड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात त्या मिळतात. "धान्यानं घोडं एकदम तापतं, यानं तसं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "आतड्यात सावकाश पचतं, ताकद टिकून राहते, अंग भरतं. भिजवल्यावर मऊ होतं आणि त्या निमित्तानं पाणीही पोटात जातं. सोबत क्षारांची पूड द्या, कारण नुसत्या चोथ्यावर भागत नाही. आणि कोरडं कधीच घालू नका, घशात अडकेल. चार तास तरी भिजवायचं."

मी मन लावून ऐकलं. भाऊजींनी एकच शब्द ऐकला.

"चोथा? साखर लोकांनी खायाची आन् चोथा माज्या चंपीनं? उसाचा चोथा भट्टीत घालत्यात, मॅडम."

नैवेद्याला चोथा चालत नाही, हे मलाही कळतं. पण इथे नैवेद्य कोणाला दाखवायचा होता? जीव वाचवायचा होता. मी पोतं आणवलं, पहाटे उठून बादलीत भिजवलं. देवपूजा करून येते तर बादली गटारात उपडी आणि चंपापुढे मूठभर हरभरा.

"भाऊजी, हरभरा काय हिरड्यांनी फोडायचा तिनं?"

"वहिनी, तुमी पूजेचं बघा. घोड्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या हाताला बादलीचे वळ आणि चंपाच्या तोंडात काही नाही. चौथ्या दिवशी चंद्रभागा ओट्यावरूनच कडाडली, "अहो, स्वतः कवळी डबीत ठेवून चपाती चहात बुडवून खाता ना? मग दाढा झिजलेल्या चंपानं काय म्हणून कडबा चावायचा?"

त्या दिवशी बादली उपडी झाली नाही. भाऊजींच्या भाषेत होकार म्हणतात तो हाच.

चंपानं बादली चाटून साफ केली. दोन महिन्यांत बरगड्या झाकल्या, कातडीवर चमक आली. शेजारी विचारायचे, "काय कोंडीराम, घोडी ताजी झाली!" भाऊजी सांगायचे, "हरभऱ्याचा गुन." मी देवापुढे हात जोडून सहनशक्ती मागायची. त्या दिवसांत ती काही मिळाली नाही.

दिवाळीनंतर मी चार दिवस मुलीकडे, अपेक्षाकडे, कर्वेनगरला गेले. जाताना भाऊजींना तीनदा बजावलं, सहाला भिजवा, दहाला घाला. तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागाचा फोन आला, "ताई, चंपाच्या नाकातून फेस येतोय." बस बदलत पोचेपर्यंत मला देवाचं नावही धड आठवेना.

अंगणात वल्लरी मॅडम चंपाच्या नाकातून नळी घालून पाणी सोडत होत्या. चंपानं मान खाली ताणलेली, अंग घामानं निथळलेलं. भाऊजी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून उभे. त्यांना उठायला उशीर झाला होता आणि त्यांनी गोळ्या तशाच कोरड्या घातल्या होत्या, हे चंद्रभागानं मला फाटकातच सांगितलं.

"कोरडं कोणी घातलं हिला?" मॅडमनी विचारलं.

"तिच्या खान्याचं वहिनी बघत्यात," भाऊजी म्हणाले. मी पिशवी हातात घेऊन त्यांच्या मागेच उभी होते.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात चंपानं मान झटकली. नळी निसटायला लागली. पिशवी टाकून मीही तिला धरलं. अर्ध्या तासानं घसा मोकळा झाला, घोडीनं मोठा श्वास घेतला आणि भाऊजी तिच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागले. अशा माणसाला त्या वेळी काय बोलायचं?

आता गोळ्या भाऊजीच भिजवतात. गजर लावून उठतात, बोटानं दाबून गाठ राहिली का बघतात, उरलेलं आंबेल म्हणून दुपारी टाकून देतात. सगळं बरोबर करतात. फक्त आळीत सांगत सुटलेत की वहिनींनी कोरडं घातलं, बाईमाणूस, घोड्यातलं काय कळणार.

परवा मी बादलीजवळून जात होते. भाऊजींनी थांबवलं.

"वहिनी, एक ध्यानात ठिवा. चार तास भिजवाया लागतंय ह्ये. घाई करून न्हाई चालत."

"हो का?" मी म्हटलं आणि घरात जाऊन दार जरा जोरातच लावलं.