बाबांच्या कपाळावरची खूण

आमच्या इंदूरच्या घरात कुठल्याही गोष्टीचं कौतुक करायची सोय नव्हती. राजवाड्यासमोर दिवाळीची गर्दी बघून कोणी हरखलं की बाबा लगेच म्हणायचे, "ही काय गर्दी? डहाणूचा बाजार बघा, मग बोला." मासा, हवा, चिकू, माणसं, सगळं तिकडचं भारी. बरं, अठराव्या वर्षी गिरणीच्या नोकरीसाठी इंदूरला आलेला हा माणूस नंतर बावन्न वर्षं तिकडे फिरकलासुद्धा नाही. भावांनी डहाणूजवळच्या चिखल्याची चिकूची वाडी विकली आणि ते मुंबईला गेले. मग जायचं कोणाकडे?

बाबांच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, बोटभर लांब खूण आहे. दहा वर्षांचे असताना वाडीत शिरलेल्या चोराला त्यांनी एकट्याने धरलं, त्या झटापटीत ती झाली. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली की त्या चोराची मला दया यायला लागली होती.

नोटाबंदीच्या पुढच्या हिवाळ्यात मीच डहाणूची तिकिटं काढली. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता बाबा म्हणाले, "तिथे मला कोणी पाहुणा समजलं ना, तर मला सहन होणार नाही गं." एरवी मी चिडवलं असतं. त्या दिवशी नुसती त्यांच्या बॅगेची चेन लावून दिली.

डहाणूला सकाळी उतरलो आणि खरं सांगते, मी चाट पडले. मला वाटलं होतं, चार दुकानं आणि एक पिंपळ असेल. स्टेशनबाहेर पाऊल टाकायला जागा नव्हती! जीपवाले "कासा, कासा, चारोटी!" म्हणून घसा फोडत होते. किनाऱ्यावरच्या वरोर गावाहून आलेल्या बायका डोक्यावरच्या पाट्या सांभाळत, समोरच्याला कोपराने बाजूला सारत चालल्या होत्या. कापडाच्या दुकानात गुजरातीत घासाघीस, शेजारी मोबाइलच्या दुकानात मराठीत भांडण, आणि त्या सगळ्यावर सुक्या बोंबलांचा वास. बाबांच्या थापांपैकी निदान ही एक तरी खरी निघाली.

बाबा मात्र पडलेल्या चेहऱ्याने उभे होते. रिक्षावाल्याने त्यांचे पांढरे बूट बघून विचारलं होतं, "अंकल, होटल? बीच?" बाबा मराठीत म्हणाले, "मी इथलाच आहे." तो हसून पुन्हा हिंदीतच म्हणाला, "हाँ हाँ अंकल, बैठो ना." चहावाल्याशी बाबा गुजरातीत बोलले, तर त्यानेही हिंदीत विचारलं, "कहाँ से आए?" बाबांचा चहा अर्धा तसाच राहिला.

"चिखल्याची गाडी कुठून सुटते, विचारू का?" मी म्हटलं.

"इथला माणूस रस्ता विचारत नाही!"

मग काय, इथला माणूस पुढे आणि मी मागे, एकाच वडापावच्या गाडीवरून आम्ही तीनदा गेलो. चौथ्यांदा गाडीवाला हसला आणि माझा पारा चढला. मी तिथेच थांबले आणि शेजारी बसलेल्या एका म्हातारीकडून चिकू घ्यायला लागले. छान मऊ बघून चार निवडले.

"हे इंदूरला नेणार?" बाबा ओरडले. "लगदा होईल सगळा! आणि मधोमध दाबून बघतेस? अशाने फळ नासतं."

ते तिच्या ढिगासमोर उकिडवेच बसले. एक चिकू उचलला, त्यावरची भुकटी अंगठ्याने पुसली आणि देठाला अगदी लागून नखाने बारीकसा ओरखडा काढला.

"ओ साहेब, हात मत लगाओ," म्हातारी खेकसली.

बाबांनी ऐकलंच नाही. ओरखड्याखाली हिरवं दिसलं की कच्चं फळ डावीकडे, पिवळं दिसलं की तयार फळ उजवीकडे. चार-पाच फळांनंतर नखही लागेना. नुसतं हातात फिरवायचे आणि पुटपुटायचे, "हा परवा खायचा. हा चार दिवसांनी. हा घाईने काढलाय." सत्तरीचा माणूस, पण हात सरसर चालत होते. ओरडायला उघडलेलं म्हातारीचं तोंड तसंच राहिलं. नख देठाशी लावायचं, म्हणजे डाग गिऱ्हाइकाला दिसत नाही, ही वाडीवाल्यांची रीत असल्याचं मला नंतर कळलं.

ती वाकून बाबांकडे बघायला लागली. मग विचारलं, मराठीत, "तू कोणाचा रे?"

सकाळपासून सगळ्यांनी कुठून आलात ते विचारलं होतं. कोणाचा, हे कोणीच विचारलं नव्हतं. बाबांचे हात थांबले.

"चिखल्याचा," ते म्हणाले. "विहिरीवाल्यांचा. धाकटा."

म्हातारीने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. खुणेवरून बोट फिरवलं आणि खो खो हसत सुटली. "अरे मेल्या! आमच्या वाडीत चिकू चोरताना झाडावरून पडलास तो तूच ना? मी नवी सून होते. सासरे काठी घेऊन धावले आणि जखमेवर हळद मी दाबली!"

मी बाबांकडे बघितलं. साठ वर्षांची बढाई भर बाजारात उघडी पडली होती. आता हा माणूस मान खाली घालणार, असं मला वाटलं.

"हो! तोच मी!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की वडापाववाल्याने मान वळवली. "तोच चोर मी!" आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हातारीने पदराने ते पुसलं, वर पाठीत एक धपाटाही घातला.

चार दिवसांनी पिकणारे चिकू तिने स्वतः निवडून पिशवीत भरले. तेवढ्यात सकाळचाच रिक्षावाला समोर आला. "अंकल, बीच?"

"अरे, मराठीत बोल!" म्हातारी कडाडली. "आपल्या विहिरीवाल्यांचा आहे तो."

"मग आधी सांगायचं ना, काका!" तो म्हणाला.

बाबा मागे माझ्याशेजारी बसलेच नाहीत. पुढे रिक्षावाल्याला खेटून बसले, कपाळावरचे केस मागे सारून ती खूण त्याला दाखवली, आणि चिखल्यापर्यंत आपण चोरी कशी केली ते रंगवून सांगत राहिले.