मानपूरला सोडलेला नारळ

भाच्यांनो, लग्न होऊन मी बेटावरून निघाले तेव्हा तुमची आजी गुडघाभर पाण्यात, मला नेणाऱ्या पडावाला हात लावून उभी होती. रडली नाही. म्हणाली, "तिथं नदी असंल. पुनवेला नारल फेकू नको गो, हातानं सोड."

आपल्या घरची रीत जुनी. नारळी पुनवेला थोरल्या बहिणीचा नारळ पाण्यात गेल्याशिवाय भावाची होडी दर्यात लोटायची नाही. सोडलेला नारळ परत आला, तर दर्यानं नको म्हटलं.

इंदूरला यांची गिरणीत फिटरची नोकरी. मध्यभारत राज्य तेव्हा नवंच होतं, मीही नवीच. पुनवेला सगळं शहर राखीच्या गडबडीत, आणि मी नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, राजघराण्याच्या समाध्यांपाशी, नारळ घेऊन. हलक्या हातानं सोडला. तेवढ्यात एका भल्या माणसानं धोतर खोचून पाण्यात उडी टाकली, नारळ काढून माझ्या हातात दिला. "लो भाभीजी, आपका नारियल गिर गया था."

त्याला काय बोलणार, कपाळ? "मेहरबानी भिया" म्हटलं आणि घरी आले. नारळ पलंगाखाली सरकवला. यांना सांगितलं नाही, तुमच्या बापाला, नाम्याला, नारळ गेल्याचं पत्र लिहिलं नाही. जेवण जाईना. अंगणात उगाच येरझारा घालायची.

दहाव्या दिवशी आईचं कार्ड आलं, बेटावरच्या मास्तरांच्या अक्षरात. "तुझं पत्र नाही. बाकीच्यांच्या होड्या गेल्या. नाम्या लोटत नाही. मासळीचे दिवस वाया चाललेत."

शेजारच्या शाळेतल्या बाईंपाशी मी रडून सगळं ओकले. त्यांच्या तीन पिढ्या इंदूरच्या. म्हणाल्या, "अहो, हे पानी तर गंगेकडे जाऊन राहिलं. तुमचा समुंदर बंबईकडचा ना? मानपूरच्या पुढे घाट उतरा. तिथलं पानी नर्मदेत जातं, नर्मदा तुमच्या समुंदरात."

म्हणजे चुकीच्या दर्याला नारळ देत होते मी. दुसऱ्या दिवशी यांना खाडा करायला लावून बसनं गेलो. घाटाखालच्या ओढ्यात नवा नारळ सोडला. एका धोंड्याला अडला, गरगरला. मग गेला.

परतल्यावर तार केली, "नारळ गेला." तारबाबूनं चष्मा काढून विचारलं, "बाईजी, नारळजी आपके कौन थे?" किती दिवसांनी हसले मी.

तार पोचली त्याच भरतीला नाम्यानं होडी लोटली.

तेव्हापासून दरसाल मानपूर. आता इथंच इंदूरला पलासियात मुलाचं घर आहे, भांडायलासुद्धा मला हिंदीच सुचते. नाम्या जाऊन चार वर्षं झाली. तुमच्या होडीला इंजिन आलं, माझ्या नारळाला कुणी थांबत नाही, हेही कानावर आलंय. राग नाही. पण पुनव जवळ आली की अजून घरात बसवत नाही.

यंदा पुनव गुरुवारी. गुडघ्यांमुळे मला एकटीला बसमध्ये चढवत नाही आणि मुलाला सुटी रविवारी. तीन दिवस होडी थांबवाल का? थांबवलीत, तर मी अजून त्या घरची.