होला हो

चारठाणकर सरांना फोनवर कुणी लागोपाठ ‘हो, हो, हो’ म्हटलं की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत. आता या माणसाशी भांडावं लागणार, याची ती खूण. सर जाऊन आता वर्ष होत आलं, तरी कुणी घाईनं ‘हो’ म्हटलं की मला तो चष्मा आठवतो.

परभणीतल्या आमच्या छोट्या कंपनीकडे एका पतसंस्थेच्या शाखा जोडून देण्याचं काम होतं. प्रत्येक शाखेतून मुख्य कार्यालयापर्यंत व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे बाहेरच्या कुणाला डोकावता येणार नाही असा इंटरनेटमधला बंद रस्ता. शाखेचा कॉम्प्युटर आपली चाळीसेक अक्षरांची सार्वजनिक किल्ली, म्हणजे स्वतःची ओळखखूण, मेलनं पाठवी. ती आम्ही नोंदवली की रस्ता खुला. लांबी, अक्षरं, शेवटचं चिन्ह हे सगळं प्रोग्रॅम तपासून हिरवी खूण दाखवी. सरांचं तेवढ्यानं भागत नसे.

“किल्ली चांगली हाय, एवढंच कळलं. कुणाची हाय, ते कोण सांगणार? कानानं तसल्ली झाल्याबिगर मी दार उघडत न्हाई.”

म्हणून ते शाखेत फोन लावत आणि किल्ली वाचत. मोठा क्यू, लहान एक्स, सात. समोरच्यानं आपल्या पडद्यावर बघून दर अक्षराला ‘हो’ म्हणायचं. मध्येच सर एक अक्षर मुद्दाम चुकवत. पूर्णेच्या शाखेतल्या बाईंनी त्यालाही ‘हो, हो’ म्हटलं.

“बाई, तुमी बघायल्यात, का नुसतं होला हो मिळवायल्यात? आत्ता वाचलं ते अक्षर त्यात न्हाईच.”

“तुम्हाला नाही कसं म्हणायचं, सर!”

“म्हणा की. न्हाई म्हणायचाच पगार हाय तुमाला.”

आम्ही मागे बसून हसायचो. पुढे एकदा जिंतूरच्या शाखेनं पहिल्याच अक्षराला ‘नाही’ म्हटलं, दुसऱ्यालाही. मेल मध्येच कुणीतरी बदलला होता. हिरवी खूण मिळालेली ती किल्ली परक्याची होती. सरांनी सगळ्यांना चहा मागवला, स्वतः मात्र घेतला नाही.

मग त्यांना घशाचा कर्करोग निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं. ज्याच्या आवाजाला सगळ्या शाखा टरकून असत, त्याचाच आवाज जावा, याचा मला अजून संताप येतो. पत्नीसह पेडगावला भावाकडे राहून ते घरूनच काम करू लागले. कामाशिवाय त्यांचं मन दुसऱ्या कशात लागत नसे. त्यातच लॅपटॉप बिघडला. नव्या लॅपटॉपची नवी किल्ली आली. मी मेसेज केला, ‘सर, तुमचीच आहे, नोंदवून टाकतो.’ उत्तर आलं, ‘न्हाई.’

म्हणून मी पेडगावला गेलो. सर लोखंडी पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले. मी मोबाइलवर आलेली किल्ली वाचू लागलो. अक्षर जुळलं की ते बोटातली अंगठी पलंगाच्या दांडीवर वाजवत. मध्येच मी एक अक्षर मुद्दाम चुकवलं. अंगठी थांबली. दुरुस्त करून वाचल्यावर ती टण्णकन वाजली, आणि सर आवाजाविना खूप हसले.

शेवटचा गेलो तेव्हा दुखणं उलटलं होतं. लॅपटॉप बंद करून फळीवर ठेवला होता. अंगठी सैल झाली म्हणून काकूंनी, सरांच्या पत्नीनं, तिला दोरा गुंडाळला होता. मी ऑफिसचं सांगू लागलो. पूर्णेच्या बाई आता ‘नाही’ म्हणायला शिकल्यात, म्हटलं. अंगठी वाजली. आम्ही अजून किल्ल्या फोनवरच पडताळतो, म्हटलं. वाजली.

“आणि रंग सुधारलाय तुमचा, सर. दिवाळीनंतर ऑफिसात या.”

“हो, हो, येतील की,” काकू दारातूनच म्हणाल्या.

अंगठी वाजली नाही. बोट दांडीवर तसंच धरून सर माझ्याकडे बघत राहिले, मी दुरुस्त करून वाचीन म्हणून. मला ते वाचता आलं नाही.