सासूबाईंनी पकडलेला खुनी
नव्या पुस्तकाच्या खळीचा वास आला की मला अजून सासूबाईंचा राग येतो. पोलीस ॲक्शन होऊन निजामी नुकतीच संपलेली, मी नवी सून. गुलमंडीच्या वाचनालयातली सगळ्यात नवी रहस्यकादंबरी त्यांना वाचून दाखवायची, आणि वाती वळता वळता त्यांनी दुसऱ्याच प्रकरणात खुनी ओळखायचा, हा नेम. एकदा त्या म्हणाल्या, "भाच्यानं मारलंय. लई गोड बोलतंय मेलं." शेवटच्या पानावर निघाला भाचाच. मी वैतागून छापलेलं सोडलं आणि आवाज कापरा करून मुनिमाकडून गुन्हा कबूल करवला. सासूबाई वात वळतच म्हणाल्या, "अगं, खून मुनिमाचाच झालाय नव्हं? आता खरं वाच." हल्ली मला दिसत नाही, यंदाच्या कादंबऱ्या नात वाचून दाखवते. काल मी दुसऱ्याच प्रकरणात डॉक्टरला पकडलं, तर शेवटच्या पानावर तिचा आवाज कापरा झाला.